एका नावाची पट्टी: मी द्वारकानाथ घेऊन दाखवते, तुम्ही तुमचं नाव घ्या

नावाची पट्टी म्हणजे काय ते आधी सांगते. एक नाव घ्यायचं. त्या नावाची जुनी-नवी, नोंद घ्यावी अशी माणसं शोधायची. प्रत्येकाचं एक कार्ड लिहायचं आणि ती कार्डं जन्मसालाच्या क्रमानं लांब कागदी पट्टीला लावायची. मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि आठवीच्या वर्गाकडून हे करून घेते. हल्ली पालकही विचारायला लागलेत. कुणाला बारशाला द्यायची असते, कुणाला आजोबांच्या पंच्याहत्तरीला. कृती तीच.

मोबाइलवर नाव टाकून वर येतील ती दहा माणसं उतरवून काढायची असतील, तर पुढचं वाचायची गरज नाही. तशा यादीत दोन माणसं मिसळून एक झालेली असतात, नाहीतर एकाच माणसाची दोन झालेली असतात. शोधणं सोपं आहे हो. एकाला दुसऱ्यापासून वेगळं ठेवताना दम निघतो. म्हणून खालच्या कृतीत निम्मं लक्ष त्यावरच आहे.

नाव कोणतं घ्यावं

राम, शिवाजी, मोहम्मद घेऊ नका. पट्टी कधी संपणारच नाही आणि कुणाला घ्यायचं, कुणाला वगळायचं यावरून भांडणं होतील. आजकालची विहान, शिवांश ही नावंही नकोत. त्यांची माणसं अजून शाळेत आहेत. आजोबा-पणजोबांच्या पिढीतलं नाव सगळ्यात बरं. शोधाशोध करून सात ते बारा माणसं सापडली की नाव योग्य निवडलं असं समजा.

नाव गावातून घेतलं तर पहिलं कार्ड पायी जाऊन लिहिता येतं, हा माझा हट्ट. सोलापुरात त्याला तोटा नाही. ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणून घरोघरी सिद्धाराम आणि सिद्धेश्वर. हुतात्मा चौकात चार पुतळे, म्हणजे चार नावं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. आणि भैय्या चौकाकडे गेलात तर डॉक्टर कोटणीसांचं स्मारक. 'कोटणीस' म्हटलं की शेंबडं पोरही मान डोलावतं, पण 'त्यांचं नाव काय?' म्हटलं की वर्ग छताकडे बघतो. म्हणून द्वारकानाथ घेऊ.

एक गोष्ट लगेच मिटवून टाका. नाव देवाचं असेल तर देवाला यादीत घ्यायचं नाही. द्वारकानाथ म्हणजे श्रीकृष्ण, हे पट्टीच्या डोक्यावर एका ओळीत लिहा आणि पुढे चला. नाहीतर मुलं अर्धी पट्टी पुराणातल्या कथांनी भरतात आणि माणसांना जागा उरत नाही.

कार्डावर काय लिहायचं

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर एवढंच: पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. लोक कोणत्या नावानं ओळखतात. जन्म आणि मृत्यूचं साल. कुठलं गाव, कुठं काम केलं. काय केलं, तीन-चार वाक्यांत. मागच्या बाजूला, ही माहिती कोणत्या दोन ठिकाणी वाचली ते. दोन ठिकाणं म्हणजे खरोखर दोन. एकानं दुसऱ्याचं उचललेलं असेल तर ते एकच धरायचं, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यं तीच असतात, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच असतात.

वडिलांचं नाव लिहिण्याची आपली मराठी पद्धत इथं फार उपयोगी पडते. द्वारकानाथ शांताराम म्हटलं की कोटणीस, द्वारकानाथ माधव म्हटलं की पितळे. घोळाला वावच नाही. बंगाल्यांत मधलं नाव असं लावत नाहीत. तिथं माणूस नात्यावरून पक्का करायचा. देवेंद्रनाथांचे वडील आणि रवींद्रनाथांचे आजोबा ते द्वारकानाथ टागोर. डॉक्टर कादंबिनीचे पती ते द्वारकानाथ गांगुली. कार्डावर हे नातं लिहिलंच पाहिजे.

विशेषणं खोडा. 'थोर', 'महान', 'अष्टपैलू' हे शब्द सगळ्या कार्डांवर सारखेच बसतात, म्हणून ते कुठल्याच कार्डाचे नाहीत. त्या माणसानं काय केलं ते क्रियापदात लिहा. पोरांना सांगते, 'थोर समाजसुधारक' लिहिलंस तर शून्य मार्क, 'साप्ताहिक काढलं' लिहिलंस तर दोन.

पहिलं कार्ड जवळच्या माणसाचं

जवळच्या माणसापासून सुरुवात केली की कार्ड किती भरलेलं असावं याचं माप हाताला बसतं. स्मारकात जा, पाटीवरचं वहीत उतरवा, मग वाचनालयात पडताळा. आमच्याकडे हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. तुमच्या गावातही असं एखादं जुनं वाचनालय असेलच. कोटणीसांचं कार्ड आम्ही लिहिलं ते साधारण असं:

द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर चीननं भारताकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. सप्टेंबर १९३८मध्ये मुंबईहून बोटीनं निघाले. १९३९मध्ये येनानला पोचले, नंतर चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्याच वर्षी लग्न. मुलगा यिनह्वा, ऑगस्ट १९४२. अपस्माराच्या झटक्यानं ९ डिसेंबर १९४२ रोजी मृत्यू, वय ३२.

तीन-चार वाक्यं म्हणाले होते आणि इथं त्याहून जास्त झालीत, ते दिसतंय मला. घरच्या माणसाला थोडी सूट.

या कार्डात न बसलेली एक गोष्ट मुलांना तोंडी सांगते. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली होती आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'ह्वा' होतं. कोटणीसांचं चिनी नाव क दीह्वा. चिनी पुस्तकांत आणि चित्रांखाली ते याच नावानं येतात. 'द्वारकानाथ' शोधत बसलात तर त्यांच्याबद्दलचं चिनी लिखाण हाती लागणारच नाही. हे पुढच्या पायरीशी जोडलेलं आहे.

नाव लपलेलं असतं

यादी लांबते ती इथं. ज्यांचं नाव उघड द्वारकानाथ आहे ते तासाभरात सापडतात. खरी मजा टोपणनावांखाली, पडद्यावरच्या नावांखाली आणि आद्याक्षरांखाली.

'वीरधवल', 'सोनेरी टोळी' या कादंबऱ्या लिहिणारे नाथमाधव घ्या. घरातल्या जुन्या कपाटात त्यांचं एखादं पुस्तक निघतंच. नाव द्वारकानाथ माधव पितळे, १८८२ ते १९२८. स्वतःच्या नावातला 'नाथ' आणि वडिलांचा 'माधव'. शिकारीला गेले असताना सिंहगडावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि पुढचं लेखन त्या अवस्थेत केलं. पुस्तकाच्या कव्हरवर 'द्वारकानाथ' कुठंच नाही.

दुसरा लपलेला द्वारकानाथ आमच्याच वर्गातून निघाला. एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात. ती म्हणाली, 'मॅडम, आमची आज्जी म्हणली द्वारकीश घ्या की, त्याचं खरं नाव द्वारकानाथ हाय.' बघितलं तर बरोबर. कन्नड सिनेमातला बुटका विनोदी नट, निर्माता आणि दिग्दर्शक द्वारकीश. जन्म १९४२, म्हैसूर जिल्ह्यातलं हुणसूर. मृत्यू एप्रिल २०२४. जन्मनाव बंगले शामराव द्वारकानाथ, पडद्यावर द्वारकीश. कन्नड नट राजकुमारला घेऊन 'मेयर मुत्तण्णा' हा सिनेमा त्यानं काढला होता. मराठी कोशांत हा माणूस तुम्हाला मिळाला नसता. सोलापुरात राहण्याचा हा फायदा आहे: एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही घरं असतात. म्हणून पहिला गृहपाठ मी हाच देते, घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या. तुमच्या गावात चार भाषा नसतील, तरी एखाद्या शेजाऱ्याकडे दुसरी भाषा असतेच.

उच्चार आणि अक्षरंही सांभाळा. दक्षिणेत 'द्वारकानाथ' इंग्रजीत लिहिताना र नंतर एक जास्तीचा ए घालतात, उत्तरेत बऱ्याचदा 'द्वारका' आणि 'नाथ' वेगवेगळं लिहितात. बंगाली माणूस बोलताना 'दारकानाथ' म्हणतो. इंग्रजीतून शोधताना ही सगळी रूपं टाकून बघा. पण सीमा आखून घ्या: द्वारकाप्रसाद, द्वारकादास हे आपल्या पट्टीत नाहीत. एकदा द्वारकादासाला आत घेतलं की द्वारकेश येतो आणि त्याच्यामागून अख्खा गाव.

कोशात शोधताना

मराठी विश्वकोशासारख्या कोशांत माणसं आडनावानं लावलेली असतात. नावानं शोधणाऱ्याची तिथं अडचण होते. छापील खंड पुढ्यात घेऊन 'द' काढलात तर हाती काही येणार नाही. टागोरांसाठी 'ठ'मध्ये ठाकूर बघावं लागतं. म्हणून आधी आडनावांची कच्ची यादी करा, मग कोश उघडा. विश्वकोश आता संगणकावर फुकट वाचता येतो आणि तिथं नुसतं नाव टाकूनही शोधता येतं, पण ज्या नोंदीत माणसाचा नुसता ओझरता उल्लेख आहे तीही समोर येते. घाईघाईनं उतरवू नका.

जुन्या काळातली, आडनाव नसलेली माणसं हवी असतील तर चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश. तिथं नावानंच शोधायचं. (ते चित्रावशास्त्री स्वतः सिद्धेश्वर. आमच्या ग्रामदैवताचं नाव! सिद्धेश्वरांची पट्टी कुणी करणार असेल तर एक कार्ड आयतं मिळालं.)

एकाच शहरातले चार

आता सगळ्यात अवघड भाग. द्वारकानाथ नावाच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकातलं कलकत्ता गजबजलेलं आहे आणि ऑनलाइन लिखाणात त्यांची हमखास सरमिसळ होते. चौघं असे:

द्वारकानाथ टागोर, १७९४ ते १८४६. व्यापारी. १८२९च्या युनियन बँकेमागे ते होते. १८३४मध्ये कार, टागोर अँड कंपनी काढली. इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, लंडनमध्येच वारले. ते गेल्यावर दोन वर्षांतच कंपनी बुडाली आणि कर्जं देवेंद्रनाथांनी फेडली. कलकत्त्यातल्या जोडासांको भागातल्या त्यांच्या घराची गल्ली आजही द्वारकानाथ टागोर लेन आहे.

द्वारकानाथ विद्याभूषण, १८१९ ते १८८६. संस्कृतचे पंडित, १८५८मध्ये 'सोमप्रकाश' हे बंगाली साप्ताहिक काढलं.

द्वारकानाथ मित्र, १८३३ ते १८७४. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

द्वारकानाथ गांगुली, १८४४ ते १८९८. ब्राह्मो समाजाचे कार्यकर्ते. १८६९मध्ये स्त्रियांच्या प्रश्नांवर 'अबलाबांधव' काढलं, मुलींची शाळा चालवली, आसामातल्या चहामळ्यांवरच्या मजुरांचे हाल बघून आले आणि त्यावर लिहिलं. १८८३मध्ये कादंबिनीशी लग्न केलं आणि तिला डॉक्टरकीचं शिक्षण घेता यावं म्हणून झगडले.

यात दोघं संपादक, दोघं ब्राह्मो वर्तुळातले, चौघांचाही संबंध कलकत्त्याशी. कुठं 'द्वारकानाथबाबूंनी पत्र काढलं' एवढंच वाचलं तर कोणते द्वारकानाथ? इथं सालांचं कुंपण घाला. टागोर वारले तेव्हा गांगुली दोन वर्षांचे होते, म्हणून १८४६नंतरचं काहीही टागोरांचं नव्हे. १८५८चं पत्र चौदा वर्षांच्या गांगुलींचं असू शकत नाही, तेव्हा ते विद्याभूषणांचं. नाव सारखं असलेली दोन कार्डं शेजारी ठेवून 'हा त्या वेळी कितीचा होता?' एवढा एकच प्रश्न मुलांना विचारायला लावते. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या पोराला त्यापुढं काही शिकवावं लागत नाही.

याहून बेमालूम सापळा आडनावांचा. कादंबिनी गांगुली कलकत्त्याच्या बेथून कॉलेजातून पदवीधर झाल्या. कोटणीस चीनमधल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. दोन द्वारकानाथ, दोन बेथून, दोन्हीकडे डॉक्टर. कुणालाही वाटेल की बेथून एकच. पण कलकत्त्याचे जॉन ड्रिंकवॉटर बेथून हे इंग्रज अधिकारी, त्यांनी १८४९मध्ये मुलींची शाळा काढली आणि १८५१मध्ये वारले. चीनमधले नॉर्मन बेथून कॅनडाचे शल्यविशारद. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, रक्तात विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांकडे आली. आज चीनमधल्या श्च्याच्वाङ शहरातल्या हुतात्मा उद्यानात दोघांच्याही समाध्या आहेत. अशी जुळणी दिसली की मी मुलांना आधी संशय घ्यायला सांगते. दोन कार्डांत तेच आडनाव, तेच गाव किंवा तेच साल आलं तर तिसऱ्या ठिकाणी वाचल्याशिवाय शाई वापरायची नाही, पेन्सिलच.

अप्रिय गोष्टी गाळू नका

बारशासाठी पट्टी करणारे इथं कां-कू करतात. 'शुभ प्रसंग आहे मॅडम, चांगलं चांगलं लिहू.' लिहा, पण मग कार्ड अर्धं राहतं.

टागोरांचं उदाहरण घेऊ. त्यांच्या कंपनीचा जहाजांचा धंदा होता आणि त्या काळात कलकत्त्याहून चीनकडे जाणाऱ्या अफूच्या वाहतुकीत त्यांची जहाजं होती. १८३९ ते १८४२ या वर्षांत इंग्रजांनी चीनवर लादलेलं युद्ध याच अफूवरून झालं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३८ ते १९४२ या वर्षांत, सोलापूरचा द्वारकानाथ त्याच देशात औषधांच्या पेट्या घेऊन गेला. ही दोन कार्डं पट्टीवर आली की बघणारा थांबतोच. त्याच्यावर आम्ही काही लिहीत नाही. 'एकानं केलं ते दुसऱ्यानं फेडलं' असलं वाक्य एका मुलानं फार सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं. ते मी पट्टीवर घेतलं नाही. कोटणीस कुणाचं काही फेडायला गेले नव्हते. नाव सारखं, एवढाच त्यांचा टागोरांशी संबंध. नावावरून स्वभाव, नशीब, गुण जोडायचे नाहीत हा नियम पट्टीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर 'द नावाची माणसं धाडसी असतात' इथपर्यंत गाडी जाते.

नावावरून कळतं ते आई-वडिलांबद्दल. घराचं दैवत कोणतं, त्या काळी कोणती नावं चालत होती, एवढं कळतं. कोटणीस सोडले तर द्वारकानाथ नावाचा कुणी आमच्या वर्गातल्या पोरांनी ऐकलेला नव्हता, हीसुद्धा माहितीच आहे.

बायकांचं काय

द्वारकानाथ हे पुरुषाचं नाव, त्यामुळं पट्टीवर नुसते पुरुष. मुली कुरकुरतात आणि बरोबर करतात. दोन उपाय आहेत. एक, त्याच वर्षी बायकांच्या नावाची दुसरी पट्टी करायची. अहिल्या, सावित्री, जनाबाई, काही घ्या. दुसरा, कार्डावर बायकोचं नुसतं नाव न लिहिता तिचं कामही लिहायचं. कादंबिनी स्वतः डॉक्टर होत्या. क्वो छिंगलान त्याच रुग्णालयात काम करत होत्या आणि नवरा गेल्यावर लहान मूल घेऊन राहिल्या. 'पत्नी: क्वो छिंगलान' एवढ्यावर ते सुटत नाही.

पट्टी बांधणं

एका वर्षाला एक सेंटीमीटर. द्वारकानाथांसाठी १७९० ते २०३० धरलं तर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर. पूर्ण मापाच्या दोन ड्रॉइंग शीट लांबीच्या बाजूनं मधोमध कापा, चार तुकडे एकापुढे एक जोडा. तीन मीटर भरते, थोडी शिल्लक राहते.

चिकटवायला खळ वापरा. पूर्व भागात खळ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. यंत्रमागाच्या सुताला खळ लावणारी माणसं प्रत्येकाच्या घरी किंवा गल्लीत. मैदा थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की उतरवा. झुरळं लागू नयेत म्हणून बाइंडिंगवाले चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतं, ते मोठ्या माणसानंच घालावं आणि हात धुवावेत. मुलांकडून करून घ्यायचं असेल तर मोरचूद नको. बाजारातला पातळ डिंक मात्र आमच्या उन्हाळ्यात टिकत नाही. एप्रिलात कागद सुटून पट्टी गुंडाळलेल्या पोळीसारखी होते.

मधोमध सालांची रेघ मारा, दर दहा वर्षांनी आकडा. मग प्रत्येक माणसाच्या जन्मसालापासून मृत्यूसालापर्यंत रंगीत रेघ. १८४५च्या जागी चार रेघा एकाखाली एक येतात: टागोर पन्नाशीतले, विद्याभूषण सव्वीस वर्षांचे, मित्र बारा वर्षांचे आणि गांगुली पाळण्यातून नुकते उतरलेले. कोटणीसांची रेघ बत्तीस सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या मोठ्या फूटपट्टीपेक्षा जराशी जास्त. ती जिथं संपते त्या १९४२मध्येच द्वारकीशची सुरू होते आणि लांब जाते. त्याच्या मागोमाग १९५०ला द्वारकानाथ संझगिरींची: मुंबई महापालिकेत अभियंते आणि मराठीत क्रिकेटवर लिहिणारे. २०२५च्या फेब्रुवारीत तेही गेले. शिवाय नाथमाधव आहेत, ४६ सेंटीमीटर.

कार्डं पट्टीवर चिकटवू नका, दोऱ्यानं खाली लोंबती ठेवा. एक दोरा आखूड, पुढचा लांब, म्हणजे गर्दी होत नाही. शिवाय साल चुकलेलं निघालं तर कार्ड सोडवून नवं बांधता येतं. सूत मागायला आम्हाला लांब जावं लागत नाही.

हयात माणसांचं कार्ड करायचं असेल तर फक्त सार्वजनिक जीवनातल्या माणसांचं करा आणि मृत्यूच्या जागी काही न लिहिता रेघ मोकळी सोडा. गल्लीतल्या एखाद्या आजोबांचं नाव तेच असेल तर त्यांना विचारा. हो म्हणाले तर कार्ड करा, पत्ता-फोन लिहू नका. बारशाच्या पट्टीला बाळाचं कार्डही शेवटी बांधतात. त्यावर नाव आणि तारीख एवढंच पुरे.

पुढचं नाव घ्यायचं असेल तर

जगन्नाथ घ्या. सुरुवात हुतात्मा चौकातून: जगन्नाथ भगवान शिंदे. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मग मुंबईचे नाना शंकरशेठ, १८०३ ते १८६५. त्यांचं नाव जगन्नाथ, वडिलांचं शंकरशेठ, घराचं आडनाव मुरकुटे. तीनही नोंदवा, कारण तिन्हींवरून शोधावं लागतं. गाण्याकडचे जगन्नाथबुवा पुरोहित बंदिशींत 'गुणीदास' म्हणून सापडतील. आणि दोन दरबारी जगन्नाथ वेगळे ठेवा: शाहजहानच्या काळातले, 'रसगंगाधर' लिहिणारे जगन्नाथ पंडित, आणि त्यांच्यानंतरचे, सवाई जयसिंगाच्या पदरी राहून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट. दोघंही संस्कृतचे पंडित, दोघंही राजाश्रयाचे. यांची सरमिसळ झालेली मी छापील पुस्तकातही बघितली आहे, तेव्हा पेन्सिल जवळ ठेवा.